तक्रारदार कोण? गर्भजल परीक्षेपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याहून पुण्याकडे निघाले की कार्ला फाटा लागतो. तेथून डावीकडे वळले की कार्ल्याच्या लेण्यांचा डोंगर येतो. एकवीरा आईच्या दर्शनाला येणारे भाविक आणि शाळांच्या सहली यांची येथे वर्षभर ये-जा असते. चैत्यगृहाची भव्य कमान, लाकडी फासळ्या, खांबांवरचे हत्ती हे सगळे मुले पाहतात. भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरलेले प्राकृत लेख मात्र बहुधा न वाचताच परततात. या लेखांत दोन प्रकारचा मजकूर आहे. दोन्ही प्रकार आपल्या आजच्या विषयाला उपयोगी आहेत.

पहिला प्रकार दानलेखांचा. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, त्याच गावचे अनेक यवन, शिवाय भिक्षू आणि भिक्षुणी अशी नावे येथे सापडतात. कोणता भाग कोणाच्या पैशातून झाला ते त्या त्या भागावरच लिहिलेले आहे. दुसरा प्रकार राजाज्ञेचा. एका लेखात मामाल येथील अमात्याला उद्देशून आज्ञा आहे. मामाल म्हणजे आपले मावळ. ही आज्ञा गौतमीपुत्र सातकर्णीची मानली जाते. लेण्यातील भिक्षूंना दिलेल्या गावाच्या जमिनीत राजाच्या अधिकाऱ्यांनी शिरू नये, तेथे मिठासाठी खणू नये, असे तिच्यात सांगितले आहे. म्हणजे नियम राज्यकर्त्याच्याच माणसांना बांधणारा आहे आणि तो दप्तरात न ठेवता सर्वांच्या डोळ्यांसमोर दगडात कोरला आहे.

आता डोंगराखालच्या रस्त्यावर येऊ. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात तर दर्शनी भागात एक पाटी दिसते. गर्भाचे लिंग सांगणे कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाचा मराठी आणि इंग्रजी मजकूर तिच्यावर असतो. यंत्र जेथे आहे तेथेच त्याच्या वापराचा नियम लिहिलेला आहे. एखाद्या शक्तिशाली यंत्राबाबत असे किती वेळा घडते? कृत्रिम बुद्धिमत्तेवर कोणी आणि कसे नियंत्रण ठेवावे, याची चर्चा आज जगभर चालू आहे. त्या चर्चेत स्वयंसेवी संस्थांचा वाटा मोठा आहे. ही सारी गोष्ट परदेशातली आणि कालपरवाची आहे असे आपल्याला वाटते. परंतु नफ्यासाठी काम न करणाऱ्या संस्थांनी एका तंत्रज्ञानाला कायद्याच्या चौकटीत आणण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. सोनोग्राफी केंद्रातली ती पाटी हे त्याचे फळ. त्या प्रयोगाचा इतिहास नीट पाहिला तर आजच्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

एक उपयुक्त परीक्षा

गर्भाभोवतीच्या पाण्याचा थोडा अंश सुईने काढून त्यातील पेशींची गुणसूत्रे तपासणे म्हणजे गर्भजल परीक्षा. गर्भातील काही जन्मजात विकार ओळखण्यासाठी ही पद्धत विकसित झाली. गुणसूत्रे दिसली की गर्भ मुलाचा की मुलीचा हेही आपोआप कळते.  भारतात १९७४-७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या परीक्षेचा अभ्यास सुरू झाला. अनेक जोडप्यांना विकारापेक्षा लिंग जाणण्यातच रस आहे, हे तेथे लवकरच लक्षात आले. सत्तरचे दशक संपण्यापूर्वी केंद्र सरकारने सरकारी संस्थांत लिंग जाणण्यासाठी या परीक्षेच्या वापरावर बंदी घातली.

बंदी सरकारी संस्थांपुरती होती. खाजगी दवाखान्यांना ती लागू नव्हती. तंत्र तेथे गेले आणि त्याचा व्यवसाय झाला. आज थोडे शेकडे खर्च करा आणि उद्याचा हुंड्याचा मोठा खर्च वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे होऊ लागल्या. बचावाचे युक्तिवादही तयार होते. तंत्रज्ञान तटस्थ असते, वापर कसा करायचा हे कुटुंबाने ठरवावे, असे काहींचे म्हणणे होते. मुली कमी झाल्या की मागणी-पुरवठ्याच्या नियमाने त्यांची किंमत वाढेल, असाही विचार गंभीरपणे मांडला गेला.

१९८५-८६ च्या सुमारास मुंबईत 'फोरम अगेन्स्ट सेक्स डिटरमिनेशन अँड सेक्स प्रिसिलेक्शन' हा मंच उभा राहिला. त्यात स्त्री संघटना, डॉक्टर, वकील आणि लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले. निदर्शने झाली, सभा झाल्या. पण कायद्याच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती मोजणी. 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' या संस्थेसाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, लिंग जाणण्यासाठी गर्भजल परीक्षा करत होते. 'असे काही तुरळक ठिकाणी होत असेल' हा आक्षेप त्यानंतर टिकला नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या परीक्षांचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते. पण एका राज्याचा कायदा त्या राज्याच्या सीमेवर संपतो. १९९४ मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला आणि तो १९९६ पासून लागू झाला.

एका बाळावरून काही कळत नाही

कायदा झाला, म्हणून प्रश्न सुटला असे झाले नाही. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होती. २००१ साली ती ९१३ झाली आणि २०११ साली ८९४. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली हा आकडा ८३९ होता.

येथे थोडे गणित पाहू. निसर्गतः दर हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात. एखाद्या गावात वर्षाला ४० बाळे जन्मली तर त्यांत १९-२० मुली अपेक्षित आहेत. पण प्रत्यक्षात १४ मुली जन्मल्या, तर काही गैर घडले असे म्हणता येईल का? नाही. अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने पडणारा फरक साधारणपणे एकूण संख्येच्या वर्गमूळाच्या निम्मा असतो. ४० चे वर्गमूळ सुमारे ६.३, त्याचे निम्मे ३. याच्या दुप्पट फरकही अधूनमधून सहज पडतो. आता समजा, राज्यात १० लाख जन्म झाले. वर्गमूळ १०००, त्याचे निम्मे ५००. हजारी ९५० या प्रमाणाने सुमारे ४ लाख ८७ हजार मुली हव्यात. हजारी ९१३ या प्रमाणाने त्या ४ लाख ७७ हजार भरतात. फरक १० हजारांचा, म्हणजे योगायोगाच्या मापाच्या वीसपट! जनगणनेच्या आकड्यांत बालमृत्यूंचाही भाग मिसळलेला असतो, हे खरे. तरीही इतका मोठा फरक योगायोगाने पडत नाही.

या गैरवापराचे खास वैशिष्ट्य असे की त्याला तक्रारदार नसतो. चोरी झाली की ज्याचे गेले तो पोलिसांकडे जातो. येथे परीक्षा करणारा खूश, करून घेणारे कुटुंब खूश. गर्भवती स्त्रीवर दबाव असला तरी ती बोलण्याच्या स्थितीत नसते. आणि जिचे नुकसान झाले ती जन्मालाच आलेली नाही. एकेका घटनेत काहीच दिसत नाही. गुन्हा दिसतो तो लाखोंच्या बेरजेत. म्हणून बेरीज करणारा, व्यवहारात कोणताही हितसंबंध नसलेला त्रयस्थ लागतो. हे काम संस्थांनी केले.

कायद्यानंतरची लढाई

फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईची 'सेहत', पुणे जिल्ह्यातील 'मासूम' आणि आरोग्य अभ्यासक डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. नवा कायदा करा, अशी त्यांची मागणी नव्हती. आहे तो कायदा अमलात आणा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अनेक राज्यांत जबाबदार अधिकारीच नेमलेले नव्हते आणि केंद्रांची नोंदणी अपुरी होती. न्यायालयाने २००१ पासून राज्यांना वेळोवेळी आदेश दिले आणि अहवाल मागवले. शिवाय सोनोग्राफी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना, गेल्या काही वर्षांत तुम्ही यंत्रे कोणाला विकली त्यांची यादी द्या, असे सांगितले.

हा मार्ग विचार करण्यासारखा आहे. हजारो बंद खोल्यांत काय चालते हे पाहणे अशक्य होते. पण यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या. त्यांच्या विक्रीच्या वह्या आणि नोंदणीची यादी शेजारी ठेवली की नोंदणी न झालेली केंद्रे उघडी पडतात. २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्यास यंत्र विकण्यावरच बंदी घातली. याच दुरुस्तीने आणखी एक त्रुटी दूर केली. जुना कायदा गर्भधारणेनंतरच्या तंत्रांपुरता होता आणि दरम्यान गर्भधारणेपूर्वीच लिंग निवडण्याची तंत्रे आली होती. त्यांनाही आता कायद्यात घेतले गेले. एकेका तंत्राचे नाव घेऊन केलेला कायदा लवकर जुना होतो. ज्या हेतूने वापर होतो तो हेतू धरला की कायदा टिकतो. म्हणूनच पुढे आईच्या रक्तातील गर्भाचा डीएनए तपासण्याची परीक्षा आली, तेव्हा तिच्याद्वारे लिंग सांगण्यालाही हीच मनाई लागू झाली.

या कायद्याची तीन कलमे मुद्दाम वाचावीत अशी आहेत. नोंदणीबाबत सल्ला देणाऱ्या समितीत सामाजिक कार्यकर्ते हवेत आणि त्यांत स्त्री संघटनेचा प्रतिनिधी हवा, असे एक कलम सांगते. लिंगनिदानाचा वापर किंवा प्रसार ज्यांनी केला असेल त्यांना समितीत घेऊ नये, असे दुसरे कलम आहे. अधिकाऱ्याला १५ दिवसांची नोटीस देऊन कोणीही व्यक्ती न्यायालयात जाऊ शकते आणि 'व्यक्ती' या शब्दात सामाजिक संस्थाही येते, असे तिसरे कलम म्हणते. त्रयस्थाला कायद्यानेच जागा करून दिली आहे.

नोंदींचा मुद्दाही असाच आहे. प्रत्येक तपासणीची माहिती ठरावीक नमुन्यात भरावी लागते. ती अपुरी राहणे ही केवळ कारकुनी चूक समजावी, असे डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते मान्य केले नाही. जेथे तक्रारदार नाही तेथे नोंद हाच साक्षीदार असतो.

शोधयंत्राला प्रश्न

२००८ मध्ये डॉ. साबू जॉर्ज यांनी आणखी एक याचिका केली. ती होती गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधयंत्रांबाबत. लिंगनिदानाची जाहिरात कायद्याने बंद असताना संगणकाच्या पडद्यावर ती दिसते, हा तिचा मुद्दा. आम्ही केवळ माहितीचा मार्ग आहोत, मजकूर दुसऱ्यांचा असतो आणि काम यंत्र आपोआप करते, अशी कंपन्यांची भूमिका होती. २०१६ मध्ये अशा जाहिरातींशी निगडित शब्दप्रयोग कंपन्यांनी आपणहून अडवावेत आणि तक्रारींसाठी सरकारने एक यंत्रणा नेमावी, असे न्यायालयाने ठरवले. डिसेंबर २०१७ मध्ये याचिका निकाली निघाली.

'यंत्र आपोआप करते' हा बचाव भारतात न्यायालयासमोर तपासला गेला, तो असा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाचा इतिहास लिहिताना हे प्रकरण वगळता येणार नाही. त्याची एक अडचणही तेव्हाच दिसली. शब्द अडवले तर जाहिरातीबरोबर अभ्यासकाला हवी असलेली माहितीही अडू शकते.

नियंत्रणाची किंमत

अडचणी येथे संपत नाहीत. २००९-१० च्या सुमारास कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारे एक उपकरण जोडले गेले. त्याला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' म्हणजे मूक निरीक्षक म्हणत. रुग्णाच्या खाजगीपणाचा भंग होतो, असा क्ष-किरण तज्ज्ञांच्या संघटनेचा आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये उपकरणाचा वापर मान्य केला. तरीही प्रश्न उरतोच. उपकरण चित्रे साठवते, पण खोलीत काय बोलले गेले ते त्याला कळत नाही. साठवलेले पाहणारा माणूस नसेल तर निरीक्षक नुसताच मूक राहतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द प्रचारात इतका रुळला की गर्भपात म्हणजेच गुन्हा असा समज पसरू लागला. वास्तविक १९७१ च्या कायद्याने ठरावीक परिस्थितीत सुरक्षित गर्भपाताला मान्यता आहे. म्हणून ज्या संस्थांनी लिंगनिदानाविरुद्ध लढा दिला त्यांनाच पुढे सुरक्षित गर्भपाताची वाट बंद होऊ नये यासाठी बोलावे लागले. 'लिंगनिवड' हा शब्द वापरा, असा त्यांचा आग्रह याच कारणाने आहे. नियमाचा फास गैरवापर करणाऱ्यावर आवळताना गरजवंताच्या गळ्याला लागत नाही ना, हे पाहणेही त्रयस्थाचेच काम.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता

हजारो-लाखो उदाहरणांतून आकृतिबंध शिकून नव्या प्रसंगी अंदाज किंवा निर्णय देणारी संगणकीय आज्ञावली, असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे ढोबळ वर्णन करता येईल. नोकरीचे अर्ज चाळणे, कर्ज द्यावे की नाही हे सुचवणे, गर्दीतला चेहरा ओळखणे ही कामे ती करते. गर्भजल परीक्षेसारखेच येथेही तंत्र उपयुक्त आहे. आणि येथेही बहुधा तक्रारदार नाही. ज्याचा अर्ज आज्ञावलीने बाजूला ठेवला त्याला तसे झाल्याचे कळतही नाही. कळले तरी एका अर्जावरून पक्षपात सिद्ध होत नाही. पुन्हा तीच बेरीज हवी.

ती कशी करतात याचे एक उदाहरण. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक महिलांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. त्यासाठी आफ्रिका आणि युरोपातील सहा देशांच्या लोकप्रतिनिधींची सुमारे १२७० छायाचित्रे घेतली. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के आढळले, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. एकच सरासरी काढली असती तर हा फरक झाकला गेला असता. गट पाडून मोजले म्हणून तो दिसला. १९८६ च्या मुंबईतील पाहणीची ही धाकटी बहीणच म्हणायची!

याउलट, मार्च २०२३ मध्ये 'फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट' या अमेरिकेतील संस्थेने प्रसिद्ध केलेले पत्र पाहा. सर्वांत शक्तिशाली प्रणालींचे प्रशिक्षण सहा महिने थांबवा, असे आवाहन त्यात होते. सह्या हजारोंनी झाल्या, थांबले कोणीच नाही. अशा आवाहनांनी प्रश्न चर्चेत येतो, हा फायदा खरा. पण मोजणी, कायद्यातले कलम आणि न्यायालयातला पाठपुरावा यांशिवाय आवाहन कागदावर राहते. युरोपीय संघाचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होतात आणि वापर कशासाठी आहे हे पाहून तो धोक्याच्या पायऱ्या ठरवतो. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तूर्त वेगळा कायदा न करता असलेल्या कायद्यांवर आणि स्वेच्छेने पाळायच्या उपायांवर त्यांत भर आहे. 'इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन' ही भारतीय संस्था माहितीच्या अधिकाराचा उपयोग करून, देशात कोठे कोठे चेहरा ओळखणाऱ्या प्रणाली बसवल्या याची नोंद ठेवते. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्वल' ही कंपनी स्थापन केली. तिचा उपयोग होईलही. पण चुका मोजणारा त्रयस्थ कोण, हा प्रश्न येथेही विचारायला हवा.

आणि त्या त्रयस्थाला पैसा कोण देतो? २०१६ मध्ये स्थापन झालेली 'पार्टनरशिप ऑन एआय' ही संस्था मोठ्या संगणक कंपन्यांनीच मिळून काढली. 'ओपनएआय'चा जन्म २०१५ मध्ये नफा न कमावणारी संस्था म्हणून झाला आणि २०१९ मध्ये तिने नफा कमावणारी शाखा काढली. एवढ्यावरून त्यांचे काम खोटे ठरत नाही. पण कार्ल्याच्या खांबांवर जसे दात्याचे नाव आहे, तसे प्रत्येक अहवालावर देणगीदाराचे नाव हवे. आणि ज्याचा व्यवसाय तपासायचा त्याला तपासनीस नेमू नये, हे आपल्या १९९४ च्या कायद्याने सांगितलेच आहे.

वर्गात करता येईल असे

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला ४० वेळा नाणे उडवून छाप किती आले ते लिहायला सांगा. कोणाचे १४ येतील, कोणाचे २५. मग सर्वांची बेरीज करा. १६०० मध्ये ८०० च्या जवळचा आकडा येईल. फरक साधारण २० चा, फार तर ४० चा. त्यानंतर काही मुलांना, इतरांना न सांगता, प्रत्येक तिसरा छाप गाळायला सांगा. त्यांच्यापैकी एकेकाच्या वहीवरून लबाडी ओळखता येते का आणि किती वह्या एकत्र केल्यावर ती ओळखता येते, हे मुलांनाच शोधू द्या.

शाळेत एखादी नवी आज्ञावली आली, मग ती हजेरी घेणारी असो की उत्तरे तपासणारी, तर चार प्रश्न विचारायची सवय मुलांना लावावी. तिचा नियम कोठे लिहिला आहे? ती चुकली तर कोणाकडे जायचे? तिच्या चुका कोण मोजतो? आणि मोजणाऱ्याला पैसे कोण देतो? उत्तर मिळाले नाही तर तेच फळ्यावर तारीख घालून लिहून ठेवावे. मुंबईतल्या त्या ५० डॉक्टरांच्या पाहणीची सुरुवातही अशाच, उत्तर न मिळालेल्या प्रश्नातून झाली होती.